पद्मिनीची गळती: पुठ्ठ्यावरच्या नोंदी

२ ऑक्टोबर २०२५, दसरा

सकाळी गाडी धुऊन पुसून घेतली, झेंडूचा हार घातला. नारळ ठेवायला वाकलो तर फरशी ओली. धुतल्याचं पाणी असेल म्हणून पुसलं. पूजा आटोपून तासाभराने पाहतो तर पुन्हा रुपयाएवढा तांबूस डाग. शेजारी काळा. आणि नाक जवळ नेलं तर पेट्रोलचा वास.

गाडी म्हणजे अण्णांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी. त्यांनी नंबर लावून घेतलेली, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली. १०८९ सीसी, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टीअरिंगशेजारी. अण्णा गेल्यापासून महिन्यातून दोन रविवार इथल्या, कोल्हापूरच्या रंकाळ्यापर्यंत जाऊन येणं एवढंच तिचं काम. उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त खराब होते हे ऐकून होतो. आता दिसतंय.

५ ऑक्टोबर, रविवार

फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा उलगडून दोन दिवस गाडीखाली पसरला होता. पोरीने त्यावर चार चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवल्या, त्यामुळे कुठला डाग कशाखालचा ते बरोबर कळलं.

पुढे रेडिएटरखाली तांबूस पाणी, वाळल्यावर कडेला गंजाची किनार. मधे इंजिनच्या चेंबरखाली काळा तेलकट थेंब, एकच पण जाड. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला चकचकीत, बोटाला बुळबुळीत आणि तेलाचा वास नसलेला डाग. हे ब्रेक ऑइल. पेट्रोलचा डाग म्हणाल तर नाहीच, ते उडून जातं. फक्त फिकट पिवळट कडं उरलंय.

चारही ठिकाणं रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडी केली आणि वर टाल्कम पावडर फुंकली. पावडरीवर ओघळ कुठून सुरू होतो ते दिसतं. हिने तिचा पावडरचा डबा कपाटात वर ठेवून दिलाय, ती वेगळी गोष्ट.

११ ऑक्टोबर, शनिवार

रेडिएटर उतरवून उद्यमनगरात नेला. तिथे एक रेडिएटरवाले चाचा आहेत, सत्तरीचे. अण्णासुद्धा त्यांच्याकडेच जायचे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, मधे सिमेंटचा हौद, कोपऱ्यात गॅसची बत्ती आणि भिंतीला टांगलेल्या निरनिराळ्या मापाच्या टाक्या.

मी खालचा डावा कोपरा दाखवला. पावडर तिथेच ओली झाली होती. चाचांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"साहेब, पाणी दिसतंय तिथंच गळतंय असं कोण म्हनलं? पाण्याला उतार कळतो."

वरचं आणि खालचं तोंड रबरी बुचांनी बंद केलं, एका नळीला सायकलचा पंप लावला आणि रेडिएटर हौदात बुडवला. तीन-चार दाब, त्यापेक्षा जास्त नाही. जुनी झाळ (धातू वितळवून केलेला जोड) असते, जोरात हवा मारली तर नसलेली गळती तयार होते. खालच्या कोपऱ्यातून एकही बुडबुडा आला नाही. आले ते वरच्या टाकीच्या शिवणीतून, मोहरीएवढे, एकामागे एक, अगदी शिस्तीत. पाणी तिथून निघून बाजूच्या पट्टीवरून घरंगळत खाली येत होतं. शिवाय जाळीच्या मध्यावर दोन नळ्यांतून सुईसारखी धार. आणि खालच्या नळीच्या मानेवर कुणीतरी पूर्वी थापलेल्या पुट्टीखालून फेस.

पुट्टी बघून चाचा चिडले. ती छिन्नीने उडवली तेव्हा खाली पितळ हिरवंगार. पूर्वी कोणीतरी तिथे डाख दिला होता, म्हणजे शिसं-कथील वितळवून भोक बुजवलं होतं, पण त्यासाठी मळ काढायला लावलेलं ॲसिड धुतलंच नव्हतं. ते वर्षानुवर्षं पितळ खात बसलं. मग गळायला लागल्यावर वरून पुट्टी.

डाख देणं मी लहानपणापासून बघतोय, पण इतक्या जवळून आज पहिल्यांदा. आधी तारेचा ब्रश, मग कानशीचं टोक, मग पॉलिश पेपर, असं करत शिवण सोन्यासारखी पिवळी होईपर्यंत घासली. पंचवीस मिनिटं फक्त घासणं. मग बाटलीतलं "मारलेलं" ॲसिड. हे त्यांचं घरचं: जुन्या सेलचं बाहेरचं कवच म्हणजे जस्त, त्याचे तुकडे ॲसिडमध्ये टाकत राहायचे, फसफसणं थांबलं की ॲसिड मेलं. तयार झालेलं ते झिंक क्लोराइड. हे करायचं ते उघड्यावर, कारण फसफसून निघणारा वायू हायड्रोजन असतो आणि तो पेट घेतो. काडीने शिवणीवर लावलं, बत्तीची ज्योत लांबून फिरवली, डाखाची कांडी टेकवली. शिसं-कथलाची ही कांडी १९० अंशांच्या आसपास पाघळते. कांडी आधी नुसती टेकलेली दिसते, मग एकदम तिचा आरसा होतो आणि तो आरसा स्वतःच फटीत ओढला जातो. चाचा कांडी पुढे ढकलत नव्हते, ती जाईल तिकडे बघत होते. मधेच एक बोटभर जागा काळी राहिली आणि डाखाचे मणी होऊन खाली टपटपले. तिथे मळ राहिला होता. पुन्हा घासणं.

दुसरी गंमत म्हणजे ओलं पोतं. जी शिवण धरायची तेवढीच उघडी, बाजूच्या सगळ्या शिवणींवर भिजलेलं गोणपाट. नाहीतर इथली झाळ लागेपर्यंत शेजारची सुटते. नवशिक्याचा रेडिएटर असाच गोल गोल फिरत राहतो म्हणे.

जाळीतल्या दोन नळ्या त्यांनी दोन्ही टोकांना डाख भरून कायमच्या बंद केल्या. पाकळ्यांच्या आत शिरून भोक बुजवायला गेलं तर आणखी चार फाटतील. दोन नळ्या कमी झाल्याने इंजिन तापत नाही, दहा झाल्या तर नवीन जाळी, हा त्यांचा हिशेब. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं, मग साध्या पाण्याने दोनदा. पुन्हा हौद. बुडबुडा नाही.

चाचांना विचारलं, कल्हई करता का? म्हणाले, वडील करायचे. आईकडून ऐकलेलं आठवलं: गल्लीत भाता लावलेला, नवसागराचा पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्याने पातेल्यात गरकन फिरलेलं कथील. काम तेच. स्वच्छ धातू, मळ खाणारं काहीतरी, आणि कथील.

१२ ऑक्टोबर, रविवार

रेडिएटर चढवला. नवे होजपाइप, नव्या क्लिपा. आतापर्यंत घरच्या बोअरचं पाणीच ओतत आलो. ते जड, क्षार धरणारं. होजपाइपच्या आतून खरवडलं तर नखाएवढे पांढरे पापुद्रे. आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. कोल्हापुरात पाणी गोठायची भीती नाही. कूलंट हवं ते गंज न चढण्यासाठी. चाचांनी बजावलं होतं, डाखाच्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचं हिरवंच घ्या.

इंजिन चालू करून वीस मिनिटं उभा राहिलो. रेडिएटर कोरडा ठणठणीत. मग ब्लॉकच्या बाजूने, मॅनिफोल्डच्या खालून, हिरवा ओघळ. काल हा नव्हता. म्हणजे असणार, पण वर आधीच गळत असल्यामुळे पाण्यावर दाबच धरत नव्हता. आता वरचं बंद झाल्यावर दाबाने पुढचं कच्चं ठिकाण शोधलं.

चाचांना फोन केला तर हसले फक्त.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

काम बंद. गाडीपुढे पणती लावायची पोरीची इच्छा होती. पेट्रोलच्या वासामुळे मी पणती दारात, बरीच लांब ठेवायला लावली. ती रुसली.

२६ ऑक्टोबर, रविवार

ब्लॉकचा ओघळ कोअर प्लगमधून आहे. पत्र्याची वाटीसारखी चकती, ब्लॉकच्या बाजूला गोल भोकात ठोकून बसवलेली. बरेच लोक याला फ्रीझ प्लग म्हणतात आणि पाणी गोठलं तर ब्लॉक फुटू नये म्हणून ही सोय असते असं सांगतात. मीही तसंच समजत होतो. शेजारच्या फाउंड्रीवाल्या मित्राने आज खुळ्यात काढलं. ब्लॉक ओततात तेव्हा आतले पाण्याचे रस्ते वाळूच्या गाभ्याने, म्हणजे कोअरने, तयार होतात. तो गाभा साच्यात तोलून धरायला आणि नंतर आतली वाळू बाहेर काढायला ही भोकं ठेवावी लागतात. ओतकाम झाल्यावर त्यांना बूच हवं, ते हे. त्याच्या कारखान्यात दाखवली तशी भोकं, पंपांच्या बॉडीत. नाव कोअर प्लग का, ते हातात वाळू घेतल्यावर लगेच कळलं.

चकतीवर बाहेरून टाचणीच्या टोकाएवढं भोक. पंचने एका कडेला ठोकलं की ती भोकातच आडवी फिरते, मग पकडीने ओढायची. सरळ मधे ठोकली तर आत पडते आणि मग आयुष्यभर ब्लॉकमध्ये वाजत बसते. निघाल्यावर आतली बाजू बघितली: अर्ध्याहून जास्त पत्रा गंजून कागद झालेला. बाहेरून टाचणीचं भोक म्हणून डाख द्यायचा विचार होता माझा. दिला असता तर बत्तीच्या धगीनेच चाळण झाली असती.

बाकीच्याही चकत्या बदलल्या, पितळेच्या घेतल्या. मापासाठी तीन दुकानं फिरलो. भोकाची कड पॉलिश पेपरने चकचकीत, वर शेलॅकचा पातळ हात. शेलॅक म्हणजे आपली लाखच. गल्लीतला मिस्त्री अजून याच्यापुढे काही मानत नाही. योग्य मापाचा सॉकेट चकतीवर धरून चारी बाजूंनी सारखं, हलकं हलकं ठोकत आत नेली. एक तिरकी गेली, काढून फेकावी लागली. सव्वाशे रुपये.

भोकातून हाताला लागेल तेवढा गाळ बाहेर काढला. जवळजवळ एक वाटी, चॉकलेटी. चाळीस वर्षं ओतलेलं बोअरचं पाणी.

२ नोव्हेंबर, रविवार

पेट्रोलची टाकी. इथे मी शहाणपणा करायला गेलो आणि तोंडावर पडलो, तेही लिहून ठेवतो.

दिवाळीच्या आधी टाकीच्या बुडाला बोट फिरवल्यावर एक ओलसर ठिपका सापडला होता. अण्णांची युक्ती आठवली: कपडे धुवायचा साबण ओला न करता भोकावर घासायचा. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळे तो बुचासारखा बसतो. ट्रकवाले अजूनही करतात. साबणाने तीन दिवस काढले. मग मी वरून दोन डब्यांतली पुट्टी मळून थापली. चौथ्या दिवशी पुट्टीची अख्खी टिकली सुटून पुठ्ठ्यावर पडलेली. आतून पेट्रोल झिरपतच होतं, पुट्टी धरणार कशाला?

टाकी रिकामी करून उतरवली. तळाशी चहाच्या कपाएवढं पाणी आणि गंजाचा चिखल. पाणी जड, ते पेट्रोलखाली जाऊन बसतं आणि बुडाचा पत्रा आतून खातं. त्यात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. महिन्यातून दोनदा फिरणाऱ्या गाडीला हे पेट्रोल महिनाभर टाकीत ठेवणं म्हणजे आपणच पाणी पाजणं. जुनी रबरी पेट्रोल नळीही हाताला चिकट लागली. इथेनॉल चालेल अशी नवी घेतली.

टाकी घेऊन थेट चाचांकडे. त्यांनी उघडलेल्या तोंडाला नाक लावलं आणि दुकानाबाहेर ठेवायला लावली, रस्त्यापलीकडे.

"भरली टाकी जळती, रिकामी फुटती. धुऊन आणा, आट दिवस उन्हात ठेवा, मग बगू."

त्यांचं बरोबर आहे. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की ठिणगीला स्फोट होतो, आणि "रिकाम्या" टाकीत नेमकं तेच मिश्रण असू शकतं.

९ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर: गरम पाणी आणि कपड्याची पावडर घालून तीन वेळा खळखळून धुतली, प्रत्येक वेळी आत मूठभर नट-बोल्ट टाकून हलवली. गंजाचं पाणी आधी काळं, मग तांबडं, मग चहासारखं. नट-बोल्ट मोजून टाकले होते, एकोणीस. बाहेर आले अठरा. विसाव्या मिनिटाला एकोणिसावा सापडला. वास पूर्ण जाईपर्यंत तोंड उघडं ठेवून गच्चीवर उन्हात, नंतर चाचांकडे आतून वाफ.

त्यानंतरही चाचांनी ज्योत टाकीजवळ आणली नाही. लोखंडी दांड्याला बसवलेला तांब्याचा जाड ठोकळा बाहेर भट्टीवर तापवून आणायचा आणि त्याच्या धगीने डाख पाघळवायचा. भोक साफ केल्यावर ते टाचणीएवढं नव्हतंच, आजूबाजूचा पत्राही दाभणाने दबत होता. म्हणून चांगला पत्रा लागेपर्यंत घासत गेले. मग पितळी पत्र्याचं आठ आण्याच्या नाण्याएवढं ठिगळ. आधी टाकीच्या पत्र्यावर डाखाचा हात, मग ठिगळाच्या पोटाला डाखाचा हात, मग एकावर एक ठेवून ठोकळा दाबून धरला. कडेने बारीक चंदेरी रेघ बाहेर आली तेव्हा लाकडाने दाबून थंड होऊ दिलं. फुंकर मारायची नाही, हलवायचं नाही. डाख निवताना हलला तर दाणेदार, मळकट दिसतो आणि तडकतो.

पाणी भरून रात्रभर. सकाळी खालचा वर्तमानपत्राचा कागद कोरडा.

१६ नोव्हेंबर, रविवार

टाकी बसवली, तरीही पेट्रोलचा वास. या वेळी कार्बोरेटरमधून वर ओसंडत होतं. नीडल व्हॉल्व्ह पुसून बघितला, ठीक. मग फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून तो व्हॉल्व्ह बंद करणारा डबा, कानाशी हलवून पाहिला: आत चुळचुळ. पितळेचा पोकळ फ्लोट, त्यात पेट्रोल शिरलेलं. तो बुडतो, व्हॉल्व्ह बंदच होत नाही.

भोक शोधायची सोपी रीत: पाणी उकळायच्या थोडं आधीपर्यंत तापवायचं, भांडं अंगणात आणायचं, विस्तवापासून लांब, आणि फ्लोट त्यात बुडवायचा. आतलं पेट्रोल वाफ होऊन भोकातून बाहेर पडतं. बारीक, न थांबणारी माळ आली, शिवणीच्या टोकाला. भोक खाली धरून तसाच गरम पाण्यात फिरवत राहिलो तर हळूहळू सगळं निघून गेलं.

वजन महत्त्वाचं. डाख जास्त झाला तर फ्लोट जड होऊन पेट्रोलची पातळी चढते. इतकं बारीक वजन करायला गुजरीत गेलो, ओळखीच्या सोनाराकडे. काट्यावर पितळेचं डबडं ठेवताना त्याच्या चेहऱ्यावरचे भाव टिपण्यासारखे होते. ११.६ ग्रॅम.

डाख मी स्वतः दिला, छोट्या इलेक्ट्रिक सोल्डरिंग आयर्नने. चार वेळा फसला. भोक बुजत आलं की आतली तापलेली हवा डाखातून बुडबुडा काढून निसटायची आणि तिथे ज्वालामुखीसारखं तोंड उरायचं. चाचांनी फोनवरच सांगितलं: दुसऱ्या बाजूला सुईने एक भोक पाडा, हवेला वाट द्या, पहिलं बुजवा, सगळं थंड होऊ द्या, मग ते सुईचं भोक एका टिपक्यात बंद करा. पाचव्यांदा जमलं. जास्तीचा डाख कानशीने काढला. पुन्हा गुजरी. ११.८.

"किती रुपये तोळा जाईल हो?" सोनाराने विचारलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

चेंबरखालचा तेलाचा थेंब. ड्रेन बोल्टची तांब्याची वॉशर. नवी नव्हती मिळत त्या मापात. जुनी काढून गॅसवर लाल केली आणि पाण्यात बुचकळली. पोलाद असं केलं तर कडक होतं, तांबं उलट मऊ पडतं. पुन्हा बसवून आवळली. थेंब बंद. पाच मिनिटांचं काम, फुकट.

ब्रेकची नळी मात्र बदलली. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या लोखंडी नळीवर क्लिपेखाली गंज धरून घाम यावा तसं ओलं होत होतं. गल्लीतल्या मिस्त्रीने "डाख मारून देऊ का" विचारलं. नाही. रेडिएटर गळला तर रस्त्याकडेला उभं राहू. जोरात ब्रेक दाबला की या नळीत रेडिएटरच्या कित्येक पट दाब येतो. तिथे डाख, पुट्टी, साबण काही नाही. तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नवी नळी, दोन्ही टोकांना दुहेरी फ्लेअर, म्हणजे टोक दुमडून पसरवलेलं. ब्रेकच्या नळीतली हवा काढताना पोरगी पेडल दाबायला बसली होती. "दाब. धर. सोड." तासभर. शेवटी तीच मला हुकूम सोडायला लागली.

सांडलेलं ब्रेक ऑइल लगेच पाण्याने धुतलं. हातभर जागेचा रंग तरी सुटलाच.

३० नोव्हेंबर, रविवार

पन्हाळा. पहाटे सहाला निघालो. वाघबीळपर्यंत तापमानाचा काटा मधे, पुढचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये, काटा मध्याच्या जरा वर जाऊन थांबला. तबक उद्यानापाशी गाडी लावून बोनेट उघडलं. रेडिएटर कोरडा. कोअर प्लग कोरडे. पेट्रोलचा वास नाही. पोरीने खाली वर्तमानपत्र पसरलं आणि आम्ही झुणका-भाकरी खायला गेलो. एका पर्यटकाने गाडीचा फोटो काढायची परवानगी मागितली, मग म्हणाला, मुंबईत आमच्या दारात अशीच टॅक्सी उभी असायची. तिथे २०२३च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. तो बराच वेळ दारावर हात ठेवून उभा होता.

परत येऊन बघितलं, कागद कोरडा.

१ डिसेंबर, सोमवार

ऑफिसला निघताना घाईत पुठ्ठा बघितला. पुढे काही नाही, मागे काही नाही. मधे, गिअरबॉक्सच्या शेपटीखाली, एक नवा थेंब. सोनेरी, जाडसर, गिअर ऑइलच्या वासाचा. पोरीने आधीच त्याभोवती पेनाने गोल काढून तारीख टाकली होती.